लेप्पांची राई

यार्वेपेरे,
९ एप्रिल १९८९

चि. एरिका हिस,

आत्याचे आशीर्वाद. इकडे आम्ही ठीक आहोत. सरोवरावरचा बर्फ मागच्या आठवड्यात फुटला, आता दिवसभर वारा आणि चिखल. माझे गुडघे कुरकुरतात, पण ऐंशी गाठलेल्या बाईचे गुडघे बोलायचेच. तू आणि तुझ्या घरची मंडळी बरी असतील.

तुझं पत्र माझ्या हाती पडलं हेच नवल. पाकिटावर तू नुसतं लिहिलं होतंस, "एलरमान कुटुंब, यार्वेपेरे, व्होर्त्स सरोवराच्या काठी." आमच्याकडे टपाल आणते ती वाइके, लग्न होऊन या गावात आलेली पोर. पाकीट हातात धरून दारात उभी राहिली.

"आज्जी, हे एलरमान कोण हो? दफनभूमीत दगडावर वाचलंय, पण तिथे पत्र कसं टाकू?"

"दे इकडे. ती मीच."

"तुम्ही तर लेपिक!"

"लेपिकही मीच. जा आता, वाऱ्यानं सायकल पडेल तुझी."

ह्यूगोदादा जानेवारीत गेला हे तुझ्या दुसऱ्याच ओळीत वाचलं आणि पुढचं वाचायचं राहून गेलं. बटाटे सोलले, चूल सारखी केली, मग पुन्हा चष्मा लावला. दादाला मी शेवटचं पाहिलं तेव्हा माझे केस काळे होते. इतक्या वर्षांत माणूस मनातसुद्धा झिजतो. पण तू आपल्या भाषेत लिहिलंस, आणि वाचताना तोच बोलतोय असं वाटलं. इथली भाषा कितीतरी बदलली. आमच्या तरुणपणीची त्यानं तिकडे जर्मनीत जशीच्या तशी जपली आणि तुला दिली. तुझ्या चुकाही त्याच्याच आहेत, बरं का. व्याकरण शिकवायचा, पण स्वतः एकच चूक कायम करायचा.

तू विचारतेस, आपल्या आडनावाचा अर्थ काय. वर लिहितेस, "बाबा म्हणायचे, नावाला अर्थ नसतो, नाव नुसतं नाव असतं." असं म्हणायचा का तो? एके काळी याच विषयावर ताटातलं गार होईपर्यंत बोलायचा.

अर्थ सोपा आहे. उत्तरेकडच्या जुन्या जर्मन बोलीत एलर म्हणजे झाड, तुमच्या शहरात ज्याला एर्ले म्हणत असतील ते. आपण त्याला लेप्प म्हणतो. पाण्याच्या कडेला, दलदलीत, जिथे दुसरं झाड पाय ठेवत नाही तिथे हे उभं. आत्ता त्याला पानं नाहीत, नुसते लालसर तुरे लोंबताहेत. कुऱ्हाड घातली की लाकूड पांढरं दिसतं, आणि बघता बघता जखमेसारखं लाल होतं. पाण्यात बुडवून ठेवा, पिढ्यान् पिढ्या कुजत नाही. आणि माशाला धुरी द्यायची तर लेप्पच हवं. तोनू, माझा मुलगा, मासेमारी संघाच्या धुरीघरात काम करतो. तो म्हणतो, वाम आणि लेप्प यांचं लग्न देवानं लावलंय, बाकीच्यांची माणसं लावतात म्हणून मोडतात.

आपल्या खापरपणजोबांना आडनाव नव्हतंच. जमीनदाराच्या कुळाला कसलं आलंय आडनाव? पुढे सरकारचा हुकूम निघाला, तेव्हा जमीनदाराच्या जर्मन कारकुनानं एकेकाला समोर उभं करून नावं वाटली. यांचं खोपट लेप्पांच्या झाडीत, म्हणून हे एलरमान. लेप्पांतला माणूस.

एवढंच आहे त्यात. पाऊस येतोय, कपडे आत घ्यायला हवेत. पत्र पाठवत जा.

तुझी आत्या,
लेइदा लेपिक


यार्वेपेरे,
२१ मे १९८९

प्रिय एरिका,

आशीर्वाद. बटाटे लावून झाले. सफरचंदाला कळ्या आल्यात, आणि रोज वाटतं आज गारठ्यानं करपतील.

तुझ्या दुसऱ्या पत्राला उत्तर द्यायला मी उशीर केला. कागद घेऊन बसायचे आणि कोंबड्यांना दाणे टाकायला उठायचे. कोंबड्या फुगल्या, पत्र काही होईना. तू विचारलंस, लेपिक हे तुमच्या यजमानांचं नाव का, आणि तोनूचे वडील हयात आहेत का. वर लिहिलंस की ऑगस्टमध्ये बाबांच्या अस्थी घेऊन येईन, आजीआजोबांशेजारी ठेवीन, त्यांची तशी इच्छा होती. तू येणार म्हणजे सगळं बघणारच. दारात उभं राहून कळण्यापेक्षा घरी बसून, कागदावर कळलेलं बरं. आणि आता इथे लोक बोलायला लागलेत. रेडिओवरसुद्धा बोलतात. मीच कशाला गप्प बसू?

मला यजमान कधी झालेच नाहीत. लेपिक हे नाव या घरात आणलं तुझ्या बाबांनी.

ते साल छत्तीस. दादा इथल्या शाळेत मास्तर होता. तेव्हा आपलं स्वतःचं राज्य होतं, आणि सरकारनं सांगितलं होतं की ज्यांची नावं जर्मन आहेत त्यांनी आपल्या भाषेतली घ्यावीत. दादाच्या अंगात वारं शिरलं. घरोघर जाऊन लोकांना नावं सुचवायचा. निम्म्या गावाचं बारसं त्यानं केलं असेल. मग एका रविवारी आमच्याच टेबलाशी बसून म्हणाला,

"बाबा, हे नाव आपलं नाही. कुत्र्याच्या गळ्यात पट्टा घालतात, तसं घातलंय त्या कारकुनानं."

बाबा हाड चोखत होते. "मग आपलं कुठलं?"

"लेपिक. अर्थ तोच राहतो. लेप्पांची राई."

बाबा हसायलाच लागले. "अरे मास्तर, शेत पडीक टाकलं की लेप्प माजतं. माझ्या आजोबानं कंबर मोडेस्तोवर ती झाडी तोडली, मुळं उपटली, तेव्हा ही जमीन झाली. आणि तू आळशाच्या शेताचं नाव मिरवणार?"

"निदान आपल्या भाषेत मिरवीन."

"आजोबाला एलरमान म्हणून पुरलाय. वरच्यानं त्या नावानं हाक मारली आणि घरातल्या कुणीच ओ दिली नाही तर?"

दोघांनाही माघार घ्यायची सवय नव्हती. दादानं नाव बदललं. बाबांनी सांगून टाकलं, "या घरात एलरमान जेवतात. लेपिकांना उभं राहायचं असेल तर विहिरीमागे दलदल आहे." त्यानंतर बाप-लेक रस्त्यात भेटले तरी टोपीला हात लावून पुढे जायचे, परक्यासारखे.

आता पुढचं. दादा तेव्हा एकटा नव्हता.

साल्मे सरोवरापलीकडच्या एका कोळ्याची मुलगी, इथे दूध संघात कामाला होती. दादाच्या गायनमंडळात गायची. आवाज बरा होता, पण हसायला लागली की बाकीच्यांचा सूर जायचा. सदतीस साली त्यांचं लग्न झालं. मी तिला विचारलं होतं, "काय गं, नवं नाव कसं वाटतं?" ती म्हणाली, "नव्या टॉवेलसारखं. अजून कुणी घाम पुसलेला नाही." दादाचं म्हणणं तिला मनापासून पटलं होतं, दादापेक्षाही जास्त, असं मला नंतर कळलं. पुढच्या वर्षी त्यांना मुलगा झाला. त्याचं नाव तोनू.

पोरी, इथे जरा थांब. पाणी पी. तोनू मी वाढवलाय, मला आई म्हणतो, पण तो तुझ्या बाबांचा मुलगा आहे. तुझा सावत्र भाऊ, बाप एकच.

तुझ्या आईला हे माहीत होतं का, मला ठाऊक नाही. तिच्यावर राग धरू नकोस. पुढचं वाच.

चाळीस साली रशियन आले. शरद ऋतूत शाळेच्या मुख्याध्यापकांना घेऊन गेले. दादा गावरक्षक दलात होता, हे सगळ्यांना माहीत, म्हणजे पुढचा नंबर कुणाचा हे वेगळं सांगायला नको. त्याच हिवाळ्यात जर्मनांनी तार्तूत कचेरी उघडली होती. ज्यांच्या अंगात जर्मन रक्त असेल त्यांना जर्मनीत नेणार, रशियनांची त्याला संमती. साडेचार वर्षांनी दादा आमच्या अंगणात आला. बाबा लाकडं फोडत होते.

"बाबा, मला परत एलरमान व्हायचंय."

"का? लेप्पांना वाळवी लागली?"

बाबांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग कुऱ्हाड ओंडक्यात रुतवली, आत गेले आणि चर्चला जायचा कोट घालून बाहेर आले. "चल," म्हणाले. "कुठे जायचं ते सांग."

मीही बरोबर गेले होते. बाबा लहानपणी जमीनदाराच्या तबेल्यात होते, घोड्यांशी बोलण्यापुरतं जर्मन त्यांना येत होतं. कचेरीतल्या साहेबानं विचारलं, "घरात कोणती भाषा बोलता?" बाबा म्हणाले, "जर्मन." साहेबाला ते उच्चार ऐकूनच कळलं असणार. "आणि पत्नीशी?" बाबा म्हणाले, "ती कुठल्याच भाषेत ऐकायची नाही. आता ती वारली, देव तिला क्षमा करो." साहेब हसला आणि त्यानं शिक्का मारला. ज्या माणसानं जन्मभर नाव सोडलं नाही, त्यानं त्या दिवशी आपलं रक्तच खोटं सांगितलं. बाहेर येऊन भिंतीला टेकून उभे राहिले. दादाला म्हणाले, "बघ, पट्टाही कधी उपयोगी पडतो."

पण साल्मे तयार होईना. आमच्याच स्वयंपाकघरात, मी काळा पाव कापत होते, आणि ती दोघं समोरासमोर.

"मी जर्मन नाही, ह्यूगो. तूसुद्धा नाहीस."

"ते मला नेतील, साल्मे."

"म्हणून तू जा. मी कुठे अडवतेय? पण मला कोण कशाला नेईल? दूध मोजणाऱ्या बाईनं काय केलंय? आई अंथरुणाला खिळलीय, तिला कुणाच्या भरवशावर टाकू? वारा पडला की ये. नाहीतर मग बोलावून घे."

"कागदावर तरी एलरमान हो. तेवढंच ना?"

"तूच म्हणायचास ना, नाव म्हणजे कोट नव्हे, हवा बघून बदलायला? मला ते पटलं. आता मी काय करू?"

तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं की बायकामुलांना नेतील. तो एकटा गेला. साल्मे आणि तोनू आमच्याकडे राहायला आली. बाबा तिला सून म्हणायला लागले, पण आडनावानं कधी हाक मारली नाही.

एक्केचाळीसच्या चौदा जूनला सकाळी ट्रक आला. एक रशियन अधिकारी, दोन शिपाई, आणि दुभाषा म्हणून दूध संघातला ओत्तो, साल्मेच्या शेजारी उभा राहून ज्यानं दूध मोजलं तोच. अधिकाऱ्यानं कागदावरून वाचलं, "लेपिक, साल्मे. लेपिक, तोनू." सामान बांधायला सांगितलं. साल्मेनं पटकन गाठोडं बांधलं. म्हणाली, "मुलगा इथे नाही. सरोवरापलीकडे आईकडे ठेवलाय."

तेवढ्यात बाबा धुरीघराकडून आले. कडेवर तोनू, दोघंही काजळीनं काळे.

अधिकाऱ्यानं बोट दाखवलं. "हा कोण?"

बाबांना काय चाललंय हे एका नजरेत कळलं. "एलरमान," ते म्हणाले. "माझा नातू. हिचा." आणि माझ्याकडे बघितलं.

मी हात पुढे केले. तोनू माझ्याकडे रोजच यायचा, आलाही. पण मान वळवून आईकडे बघायला लागला. तो तोंड उघडणार, 'आई' म्हणणार, तर बाबांनी हातातला माशाचा तुकडा त्याच्या तोंडात कोंबला. साल्मेनं पाठ फिरवली आणि खाली वाकून गाठोडं बांधायला लागली. आधीच बांधलेलं गाठोडं ती पुन्हा पुन्हा बांधत होती.

अधिकाऱ्यानं ओत्तोला विचारलं. ओत्तोनं साल्मेच्या पाठीकडे पाहिलं. मग म्हणाला, "हिचंच पोर आहे. नवरा नाही हिला. गावाला ठाऊक आहे." अधिकारी माझ्याकडे बघून हसला. ते हसू मी अजून विसरले नाही, आणि ओत्तोचे उपकारही नाही.

ट्रककडे जाताना साल्मे अगदी माझ्या जवळून गेली. पोराला तिनं हात लावला नाही. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "लेइदा, तुझ्या मुलाला अनवाणी फिरू देऊ नकोस. दवात पाय भिजतात."

एवढंच. पुन्हा तिचा आवाज आमच्यापैकी कुणी ऐकला नाही.

पुढच्याच महिन्यात जर्मन फौज आली, आणि बेचाळीसच्या उन्हाळ्यात दादा. जर्मन गणवेशात, दुभाषा म्हणून. बाबांनी त्याला दारातच अडवलं. "मी तुला नाव परत दिलं होतं. हे कपडे कुणी दिले?" मग आत घेतलं. साल्मेचं ऐकून दादा धुरीघराच्या मागे जाऊन बसला. मी तोनूला त्याच्याकडे नेलं, तर तोनू माझ्या परकरात तोंड खुपसून म्हणाला, "आई, हा काका कोण?" दादानं माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "राहू दे. आत्ता काही सांगू नकोस. लढाई संपली की मी येतो."

लढाई संपली आणि रशियन परत आले. गावच्या कचेरीत मी नाव लिहवलं, एलरमान तोनू, आई लेइदा. लिहिणाऱ्यानं मान वर केली नाही. सगळ्या गावाला खरं माहीत होतं आणि सगळं गाव गप्प बसलं. बाहेरून नव्यानं आलेल्यांना मात्र मी 'तसली' वाटायचे. वाटू दे. बाबा अठ्ठेचाळीसच्या हिवाळ्यात गेले.

साल्मेबरोबर नेलेली एक बाई छप्पन साली परत आली, आल्मा नाव तिचं. साल्मे त्रेचाळीस साली तिकडे रशियात, जंगलतोडीच्या गावात उपासमारीनं गेली. आल्मानं सांगितलं, हजेरीच्या वेळी रशियन पहारेकरी नाव वेडंवाकडं उच्चारायचा आणि ही त्याला दर वेळी दुरुस्त करायची. अंगात ताकद नसतानाही. तोनू तेव्हा अठरा वर्षांचा. त्याला समोर बसवून मी सगळं सांगितलं. आठवडा गेला. मग म्हणाला, "मला माझ्या आईचं नाव हवंय." मी म्हटलं, "घे. मीही घेते. एवढं नाव एकट्यानं वागवू नकोस." असे आम्ही दोघं लेपिक झालो.

अठ्ठावन्न साली दादाचं पत्र आलं. लग्न केलंय, एक मुलगी आहे, तिला काही सांगितलेलं नाही. तोनूसाठी कोट आणि बूट पाठवले होते. तोनूनं खोकं न उघडता परत पाठवलं. त्यानंतर दादा लिहीत नव्हता आणि मीही लिहीत नव्हते. तू आहेस हे मला माहीत होतं, एरिका. नाव तेवढं माहीत नव्हतं.

तुझ्या बाबांना वाईट माणूस समजू नकोस. मी समजत नाही. तो घाबरलेला होता, आणि मग त्याला लाज वाटली, आणि लाज वाटलेली माणसं फार लांब जातात.

तुझं पत्र मी काल तोनूला वाचून दाखवलं. अस्थींपर्यंत आले तेव्हा तो उठला. "माझ्या आईला कुठे पुरलंय ते देवाला माहीत," म्हणाला. "तिला दगड नाही. आणि त्याला हवा?" दार आपटून गेला. तो दार आपटणारा माणूस नाही.

तेव्हा इतक्यात तिकीट काढू नकोस. मी लिहीन.

काळजीत असलेली,
तुझी आत्या लेइदा


यार्वेपेरे,
२ जुलै १९८९

प्रिय एरिका,

आशीर्वाद. तुझं छोटं पत्र मिळालं. "मला भाऊ आहे" एवढंच वाक्य तू तीन वेळा लिहिलंयस. रडत लिहिलंस हे शाई बघून कळलं. मीही वाचताना फार काही बरं केलं नाही.

इथे काय झालं ते सांगते.

या चौदा जूनला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, लोक रेल्वे स्टेशनवर उघड उघड जमले. ज्या रुळांवरून तेव्हा माणसांनी भरलेले डबे गेले त्याच रुळांकडे तोंड करून. आपला निळा-काळा-पांढरा झेंडाही होता. मी म्हटलं, तोनू, मला ने. तो म्हणाला, "मला काम आहे." पण सकाळी मोटारसायकल काढून, तिला जोडलेल्या बाजूच्या डब्यात घोंगडी अंथरून उभा.

एक तरुण मुलगी नावं वाचत होती. आमच्या भागातून नेलेल्यांची, रशियनांच्या मूळ कागदांवरून कुणीतरी उतरवलेली. ती वाचायची आणि मग जरा थांबायची. कुणी रडायचं, कुणी फुलं ठेवायचं. मग ती म्हणाली, "लेपिक, साल्मे." मी तोनूचा हात धरला. आणि लगेच तिनं पुढचं वाचलं, "लेपिक, तोनू, वय तीन."

कागदावर होतं, तिनं वाचलं. त्या पोरीला काय माहीत?

तोनू म्हणाला, "मी इथे आहे."

मोठ्यानं नव्हे, पण शांतता होती म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं. माणसं वळून बघायला लागली. ती मुलगी वाचायची थांबली. एवढा बाप्या, टोपी छातीशी धरून उभा, आणि पुन्हा म्हणाला, "मी इथे आहे. मला नेलं नव्हतं." मग गर्दीतून एक म्हातारा काठी टेकत आला. मी आधी ओळखलंच नाही, ओत्तो होता तो. थकलाय फार. तोनूसमोर उभा राहिला. तोनूनंच त्याला हाताला धरून बाकावर बसवलं.

परतताना अर्ध्या वाटेत तोनूनं मोटारसायकल थांबवली. उतरला आणि रस्त्याकडेला उभा राहिला. इंजिन बंद, त्यामुळे ऐकू आलं.

"आण म्हणावं त्याला."

"कुणाला?" मला कळलं होतं, तरी विचारलं.

"तुझ्या भावाला. आजोबांच्या शेजारी जागा आहे." मग म्हणाला, "पण आधी आईचा दगड लागेल. तिची जागा रिकामी असली तरी. तो नंतर."

"आणि त्याच्या दगडावर काय लिहायचं? एलरमान की लेपिक?"

"एलरमान आजोबांचं नाव होतं. लेपिक आईचं. त्याला दोन्ही सोडून जावं लागलं." टोपी डोक्यावर घातली. "नुसतं ह्यूगो लिही. मला त्याला एवढंच म्हणता येईल."

मी वाद घातला नाही. माझा तो भाऊ, मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण तो दगड लावण्याचा हक्क तोनूचा आहे आणि तुझा. तुला पटलं नाही तर तसं स्पष्ट लिही. अस्थी न आणता आलीस तरी ये. साल्मेचा दगड घडवायला टाकलाय, ऑगस्टच्या आत मिळेल असं तो कारागीर म्हणतो, कारागिरांचं म्हणणं तुला तिकडेही माहीत असेल.

एक सांगून ठेवते. तोनू लगेच जवळ येणार नाही. तू मिठी मारायला जाशील आणि तो लाकडासारखा उभा राहील. ते मनाला लावून घेऊ नकोस. त्याच्या लहानपणी एका माणसानं त्याच्याकडे बघून "राहू दे" म्हटलं होतं, आणि तेव्हापासून कुणी जवळ आलं की तो आधी थांबून बघतो की हा माणूस राहणार आहे का.

दगडाखाली कुणी नसलं तरी फुलं दोघांसाठी आण.

वाट बघणारी,
तुझी आत्या, आणि कागदोपत्री तुझ्या भावाची आई,
लेइदा

ता. क. हे मी लिहितोय, तोनू. आईनं पत्र टेबलावर उघडं ठेवलं होतं, मी वाचावं म्हणूनच. बोटीनं तालिनला उतरणार असशील तर दिवस कळव, बंदरावर मी असेन. ओळखायला अडचण पडणार नाही. आई म्हणते, मी हुबेहूब त्याच्यासारखा दिसतो. मला ते कधी आवडलं नाही. मला पाहून तुला वाईट वाटलं, तर जरा तोंड फिरवून उभी राहा. मी थांबेन.